'स्की'चें शेंपूट

गेल्या महिन्यांत एका कुंभार बंधूचें पत्र आमच्याकडे आलें. मुलगा शिकला, इंजिनियर झाला, पुण्यास नोकरीला लागला. आतां तो म्हणतो कीं, 'कुंभार' हें आडनांव नको. राजपत्रांत जाहिरात देऊं आणि गांवाच्या नांवाला 'कर' लावून नवें आडनांव घेऊं. मुलाचें म्हणणें असें कीं, खोली भाड्यानें पाहायला गेलें, नांव सांगितलें, कीं समोरच्याचा चेहरा बदलतो. बापाचें म्हणणें असें कीं, ज्या चाकानें पांच पिढ्यांचीं पोटें भरलीं त्या चाकाची लाज कां वाटावी? घरांत दोन महिने अबोला आहे. "तुम्ही काय म्हणतां?" असें त्या बंधूनें शेवटीं विचारलें आहे.

या प्रश्नाला एका ओळीचें उत्तर आम्हांस सुचलें नाहीं. म्हणून दूरच्या एका देशाची हकीकत सांगतों. तेथील शेतकऱ्यांनीं व कारागिरांनीं हाच उद्योग चारशें वर्षें केला; त्याचें काय झालें तें पाहूं, मग आपल्या घरचें बोलूं.

तो देश पोलंड. कोल्हापूरकडच्या वाचकांस तो अगदींच परका नाहीं. १९४३ पासून १९४८ पर्यंत वळिवडे येथें पांच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुतेक बायका आणि मुलें. १९४० व १९४१ सालीं रशियानें घरादारांतून उठवून सैबेरियाकडे हांकून दिलेलीं हीं कुटुंबें इराणमार्गें इकडे आलीं होतीं. त्यांच्या नांवांत एक गोष्ट आपल्या लोकांच्या कानांस वेगळी लागली असेल. भाऊ 'कोवाल्स्की' आणि बहीण 'कोवाल्स्का'! त्यांत चमत्कार कांहीं नाहीं. 'स्की' हा विशेषणाचा प्रत्यय आहे. आपण काळा घोडा, काळी घोडी म्हणतों, तसें तें पुरुषाला 'स्की' व बाईला 'स्का' होतें. अर्थ विचाराल तर आपला 'चा' किंवा 'कर'. टार्नूफ गांवचा तो टार्नोफ्स्की, पोतोक गांवचा तो पोतोत्स्की.

पण गांवचा म्हणजे कोणत्या अर्थानें, येथें सारी मेख आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत ज्यांनीं हें 'स्की' प्रथम लावलें ते गांवचे रहिवासी नव्हते, गांवचे मालक होते. आधीं ते स्वतःस 'टार्नूफचा यान' असें लिहीत. पुढें त्याचेंच टार्नोफ्स्की झालें. या सरदार-जमीनदार वर्गाला 'श्लाख्ता' म्हणतात. देशांतील शेंकडा आठ-दहा माणसें या वर्गांत धरीत. राजा निवडण्याचा हक्क त्यांचा, जमीन त्यांची, न्यायहि त्यांचाच. बाकीचे शेतकरी त्यांच्या जमिनीवर वेठीला बांधलेले. १४९६ सालच्या कायद्यानें तर शेतकऱ्यानें गांव सोडून जाण्यावर बंधन घातलें; घरांतला एखादा मुलगा काय तो बाहेर पडूं शके. १५२० सालच्या कायद्यानें आठवड्यांतून निदान एक दिवस मालकाच्या शेतावर फुकट राबणें ठरलें, आणि पुढें तो एकाचा तीन, चार, कोठें कोठें त्याहूनहि अधिक दिवस झाला. या वेठीला पोलिश भाषेंत 'पान्श्चिझ्ना' म्हणतात. 'पान' म्हणजे धनी, मालक. धन्याचें काम तें पान्श्चिझ्ना. आपल्याकडील वेठबिगारीची ज्यांच्या आज्यांनीं कहाणी सांगितली असेल त्यांस अधिक सांगावयास नको.

आतां वेठीच्या माणसाला आडनांव कशाला? त्याला नांव असे तें यान, वोयचेख, याकुब असें एकेरी. गांवांत दोन यान झाले तर ओळख पटावी म्हणून कांहीं तरी चिकटवीत. धंद्यावरून तर फारच. कोवाल म्हणजे लोहार. त्याच्या पोराला किंवा हाताखालच्या उमेदवाराला कोवाल्चिक. शिंप्याच्या पोराला क्राफ्चिक, चांभाराच्या पोराला शेफ्चिक. कोष्टी त्काच, कोळी रिबाक, तेल्याचा ओलेयनिक, धनगराचा ओफ्चारेक. वाचकहो, हीं नांवें उच्चारायला जिभेला कसरत पडते खरी. पण अर्थ लावला म्हणजे आपल्याच गांवची बलुतेदारी समोर उभी राहते कीं नाहीं?

कांहीं नांवें निव्वळ थट्टेची. विल्क म्हणजे लांडगा, व्रुबेल म्हणजे चिमणा, बारान म्हणजे मेंढा, कापुस्ता म्हणजे कोबी, ग्रोख म्हणजे वाटाणा. हंसूं नका. आपल्याकडे लांडगे आहेत, कांदे आहेत, भोपळे, दोडके आहेत. ज्या माणसाला गांवानें एकदां भोपळा म्हटलें त्याचा पणतूहि भोपळेच राहतो. मग त्यास लोक भोपळेसाहेब म्हणतात व कोणाच्या मनांत भोपळा येतहि नाहीं.

एक नांव मात्र वाचून आम्हीं थबकलों. 'मुशाव'. याचा अर्थ 'त्याला करणें भाग पडलें'. एवढेंच. काय करणें भाग पडलें तें नांवांत नाहीं. कोणत्या मूळ पुरुषाला हें नांव कशानें पडलें तें आज सांगतां येणार नाहीं. पण जेथें वेठ होती त्या मुलखांत या नांवाचीं घराणीं निघावीं याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. अमेरिकेंत बेसबॉल या खेळांत गाजलेला स्टॅन म्युझियल (१९२०–२०१३) तो याच नांवाचा, पोलिश बापाचा मुलगा.

आणि पोलंडांत सर्वांत अधिक माणसांचें आडनांव कोणतें? तें टार्नोफ्स्कीहि नव्हे, पोतोत्स्कीहि नव्हे. तें आहे 'नोवाक'. नोवाक म्हणजे नवा आलेला, उपरा. दोन लाखांच्या आसपास माणसें हें आडनांव लावतात. ज्या देशांत शेतकऱ्यानें गांव सोडूं नये असा कायदा होता, त्या देशांत 'बाहेरून आलेला' हेंच नांव सर्वांत जास्त व्हावें, ही कायदा करणारांची चांगलीच फजिती म्हणावयाची! कोणी लग्नानें आला असेल, कोणी ओसाड जमीन मिळते म्हणून आला असेल, कोणी एका धन्याकडून पळून दुसऱ्याकडे आला असेल. कायदा कागदावर राहिला आणि माणसें चालत राहिलीं.

हीं नांवें मालकाच्या नांवासारखीं पक्कीं नव्हतीं. आज लोहारकी करणारा कोवाल उद्यां दुसऱ्याच्या शेतावर घरजांवई गेला, तर त्या शेताचें जुनें नांव त्याला लागे. चर्चच्या दप्तरांत पाद्री ऐकेल तसें लिही. एकाच माणसाचें नांव त्याच्या लग्नाला एक, मुलाच्या बाप्तिस्म्याला दुसरें, मरणाच्या नोंदींत तिसरें, असेंहि सांपडतें. पुढें पुढें तर 'अमुक वेल तमुक' अशी दोन्हीं नांवें घालून पाद्री मोकळा होई. 'वेल' म्हणजे लॅटिनमध्यें 'किंवा'. बोरू ज्याच्या हातीं, नांव त्याच्या मर्जीचें. आपल्याकडे तो बोरू कुलकर्ण्याच्या हातीं होता. शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं कुलकर्णी वतनें मोडून तलाठी नेमले तेव्हां केवढा आकांत झाला होता, हें जुन्या मंडळींनीं लिहून ठेवलें आहेच. बोरू गेला म्हणजे काय जातें तें ज्याचें जातें त्यालाच कळतें.

पुढें १७७२ ते १७९५ या काळांत प्रशिया, ऑस्ट्रिया व रशिया या तिघांनीं पोलंडचे लचके तोडून सारा देश वांटून घेतला. नव्या सरकारांस कर वसूल करावयाचा होता, पलटणीला माणसें पाहिजे होतीं. माणूस दरवर्षीं नांव बदलूं लागला तर धरायचा कसा? तेव्हां प्रत्येकास कायमचें आडनांव चिकटलें. ऑस्ट्रियानें १७८७ सालीं यहुदी लोकांवर तर हुकूम सोडून जर्मन धर्तीचीं आडनांवें लादलीं. आडनांव ही फार पुराणी, पवित्र वस्तु आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, गरिबांचीं बहुतेक आडनांवें सरकारी वहींत जन्मलीं आहेत.

पण मुख्य गोष्ट राहिली, ती शेंपटाची. मालकांचें 'स्की' पाहून शहरांतील व्यापाऱ्यांनीं तें लावलें, कारागिरांनीं लावलें, मग शेतकऱ्यांनींहि. लोहाराचा कोवाल होता, त्याचा कोवाल्स्की झाला. गंमत अशी कीं कोवाल, कोवाले अशा नांवांचीं गांवेंहि पोलंडांत आहेत. तेव्हां कोवाल्स्की म्हणून समोर येणारा एखाद्या गांवच्या मालकाचा वंशज कीं ऐरणीवर घण घालणाराचा, हें नांवावरून ओळखण्याची सोय उरली नाहीं. सरदार मंडळींच्या पोटांत दुखूं लागलें.

त्यांतला एक सरदार वालेरियन नेकांदा त्रेप्का. यानें सतराव्या शतकांत एक विलक्षण उद्योग आरंभिला. कोण खोटा सरदार आहे, कोणाचा बाप वास्तविक शेतकरी होता, कोणाचा आजा न्हावी, कोणाचा मोची, याची त्यानें चौकशी करून करून सुमारें अडीच हजार घराण्यांची यादी केली. १६४० सालीं तो मेला तेव्हां ग्रंथ हस्तलिखितांतच होता. छापून निघाला तो १९६३ सालीं. त्या ग्रंथाला लोक 'हामांचें पुस्तक' म्हणतात. हाम कोण? बायबलांत नोहाचे तीन मुलगे आहेत, शेम, हाम आणि याफेथ. हामाच्या वंशाला दास होण्याचा शाप मिळाला अशी कथा आहे. पोलंडच्या सरदारांनीं त्या कथेंतून असा अर्थ काढला कीं, आम्ही याफेथाची संतति आणि शेतकरी हामाची. तेव्हां त्यांनीं राबणें हें देवाचेंच ठरविलेलें आहे!

बंधूंनो, ही युक्ति आपल्या ओळखीची आहे ना? तिकडे नोहाचा मुलगा काढला, इकडे विराट पुरुषाचे पाय काढले. ग्रंथ निराळे, भाषा निराळी, देव निराळा. आंत सांगितलेली गोष्ट एकच कीं, तूं खालीं जन्मलास, खालींच रहा. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' लिहून ज्या थोतांडाचा समाचार घेतला, त्याच जातीचें हें थोतांड. पोलिश भाषेंत आजहि उद्धट, अडाणी माणसाला 'हाम' अशीच शिवी देतात. आपल्याकडे 'कुणबट' म्हणतात तसें. शिव्या शेतकऱ्याच्या नांवानें व्हाव्यात आणि भाकरी मात्र शेतकऱ्याची खावी, ही रीत सर्व मुलखीं सारखी दिसते.

त्रेप्काचा राग कशावर होता तें नीट पाहिलें पाहिजे. पळालेला शेतकरी दुसऱ्या प्रांतीं गेला, चार पैसे मिळविले, घोडा घेतला, नांवाला 'स्की' लावलें, आणि पांच वर्षांत लोक त्याला 'पान' म्हणूं लागले. म्हणजे सरदारी रक्तांत असते म्हणावें, तर ती एका शेंपटानें कशी येते? हा प्रश्न विचारण्याचें त्रेप्कास सुचलें नाहीं. त्यानें यादी केली. त्या यादीनें सरदारी पवित्र ठरण्याऐवजीं ती किती सहज उचलतां येते हेंच जगास कळलें. या माणसाचे पोलिश शेतकऱ्यांनीं आभारच मानावेत.

तथापि शेंपटाची दुसरी बाजूहि आहे, आणि ती आम्हांस बोंचते. १७९४ सालीं ४ एप्रिलला रात्स्लावित्से येथें कोश्च्युश्कोच्या फौजेनें रशियन फौजेचा पराभव केला. त्या फौजेंत सुमारें दोन हजार शेतकरी होते. त्यांच्याजवळ बंदुका नव्हत्या. गवत कापण्याचीं लांब पातीं दांड्याला सरळ ठोकून त्याचे भाले केले होते. त्यांतला वोयचेख बार्तोश नांवाचा वेठीचा शेतकरी तोफेवर धांवून गेला आणि तिची पेटती वात त्यानें आपल्या टोपीनें विझविली असें सांगतात. त्याबद्दल त्याला वेठींतून सोडविलें, हुद्दा दिला, आणि त्याचें नांव काय झालें? बार्तोश ग्वोवात्स्की! (हें 'त्स्की' म्हणजे 'स्की'चाच भाऊ.) तोफ धरली ती बार्तोशनें, पण इतिहासांत शिरतांना त्याला शेंपूट लावून घ्यावें लागलें. जूनमध्यें श्चेकोचिनीच्या लढाईंत जखमी होऊन तो मेला. नवें नांव त्यानें उणेपुरे दोन महिने वापरलें. शेतकरी शेतकरी म्हणून शूर असूं शकतो हें त्या देशाच्या गळीं उतरायला आणखी पुष्कळ वर्षें गेलीं. वेठ सुटली ती प्रशियाच्या वांट्यांत १८०७ नंतर हळूहळू, ऑस्ट्रियाच्या वांट्यांत १८४८ सालीं आणि रशियाच्या वांट्यांत १८६४ सालीं. म्हणजे सत्यशोधक समाज निघाला त्याच्या अवघीं नऊ वर्षें आधीं.

बायकांची गोष्ट थोडक्यांत सांगतों. नोवाकाची बायको ती नोवाकोवा, मुलगी ती नोवाकुव्ना. म्हणजे नांव ऐकतांच बाईचें लग्न झालें कीं नाहीं तें सर्वांस कळावें. पुरुषाच्या नांवांत मात्र अशी खूण कोठेंहि नाहीं. विसाव्या शतकांत ही रीत मागें पडली. आपल्या सरकारनें १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नांवांत आईचें नांव लावणें सक्तीचें केलें, तें आम्हांस पसंत आहे. उशीर झाला एवढेंच.

डोंगरी मुलखांतले लोक मात्र शेंपटाच्या फंदांत फारसे पडले नाहींत. झाकोपाने या गांवीं 'गोंशेनित्सा' नांवाचें मोठें कूळ आहे. गोंशेनित्सा म्हणजे सुरवंट. कूळ इतकें वाढलें कीं नुसत्या सुरवंटावरून कोण तें कळेना, तेव्हां प्रत्येक शाखेनें एकेक टोपणनांव जोडून घेतलें, जसें आपल्याकडे एकाच भावकींत थोरल्या घरचे, वाड्यावरचे, मळ्यांतले असे भेद पडतात. त्यांतला फ्रान्सिशेक गोंशेनित्सा ग्रोन यानें १९५६ सालीं हिंवाळी ऑलिंपिकांत पोलंडला पहिलें पदक मिळवून दिलें. सुरवंट तो सुरवंटच राहिला आणि व्यासपीठावर चढला.

१९२१ च्या घटनेनें पोलंडांत जन्माचे मानमरातब, बिरुदें, किताब सारे रद्द केले. त्याच सुमारास विन्त्सेन्ती वितोस हा शेतकरी तीन वेळां पंतप्रधान झाला, १९२०, १९२३ आणि १९२६ सालीं. नांवाला 'स्की' नाहीं, गळ्यांत टाय नाहीं, पायांत शेतकरी बूट. १९४४ च्या सप्टेंबरांत हुकूम निघून पन्नास हेक्टरांवर लागवडीची जमीन असलेल्या मोठ्या इस्टेटी सरकारजमा झाल्या व पुष्कळ जमीन शेतकऱ्यांत वांटली गेली. आज पोलंडांत बस-कंडक्टरलाहि 'पान' म्हणतात. कोवाल्स्की हें नांव तर आपल्याकडील 'अमका-तमका' यासारखें, कोणाहि साध्या माणसाचें म्हणून वापरतात. चारशें वर्षें चोरून चोरून शेंपूट इतकें स्वस्त झालें कीं त्याला वास राहिला नाहीं.

आतां आमच्या कुंभार बंधूकडे वळतों.

तुमचा मुलगा 'कर' लावूं म्हणतो, म्हणजे तोहि कोवालाचा कोवाल्स्की होऊं पाहतो. त्याला आम्ही हंसणार नाहीं. जो वेठींतून पळत होता त्याला त्रेप्का हंसला. आम्हांस त्रेप्काच्या पंगतीला बसावयाचें नाहीं. पोलंडचा कायदाहि अपमानकारक किंवा हास्यास्पद नांव बदलूं देतो. २००८ सालीं तेथें तसा नवा कायदा झाला आहे. परंतु आपल्या मुलखांत एक अडचण आहे, ती मुलाला दाखवून द्या. आपला 'कर' पहिल्यापासूनच सर्वांचा आहे. एकाच गांवचे 'कर' ब्राह्मणवाड्यांत सांपडतात, मराठ्यांत, शिंप्यांत, महारांतहि सांपडतात. मोरे, पवार, शिंदे, जाधव हीं नांवें तर किती जातींत आहेत! मग त्यानें भेद मोडला काय? नाहीं. कां कीं आपल्याकडे आडनांवावर थांबत नाहींत. 'कर' ऐकलें कीं लगेच पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे तुम्ही कोणते?" तिकडे 'स्की'नंतर हा प्रश्न आज कोणी विचारीत नाहीं. इकडे तो विचारतात, कारण मुलगी देण्याघेण्याची वेळ जातींतच येते. जोंवर सोयरीक जातींत आहे तोंवर 'कर' हें नुसतें पांघरूण आहे, आणि पांघरुणाखालीं काय आहे तें पाहिल्यावांचून येथें कोणाला झोंप येत नाहीं.

आणि धंद्याच्या नांवाची लाज म्हणाल, तर जोतीरावांच्या घराण्याचें मूळ आडनांव गोऱ्हे. घरांतील माणसांनीं पेशवाईंत फुलांचा धंदा केला म्हणून लोक त्यांस फुले म्हणूं लागले. धंद्याचें नांव तें. त्यांनीं तें टाकून दिलें नाहीं, कटगुणकर लावून घेतलें नाहीं. आज त्या नांवाचें विद्यापीठ आहे.

एवढें ऐकूनहि मुलाला बदलावेंसें वाटलें तर बदलूं द्या. खोली त्याला शोधायची आहे, तुम्हांला नाहीं, आम्हांलाहि नाहीं. घरांतला अबोला मात्र आधीं सोडा. राजपत्राच्या अर्जांत जुनें नांव आणि नवें नांव दोन्हीं लिहावीं लागतात. जुन्या नांवाच्या जागीं 'कुंभार' हें अक्षर मुलाला स्वतःच्या हातानें, ठळक लिहावयास सांगा. अर्ज पाठविलात कीं नाहीं, आणि घरभाड्याचें पुढें काय झालें, तें आम्हांस अवश्य कळवा. इतर वाचकांचींहि या बाबतींतील पत्रें आलीं तर जागा होईल तशीं छापूं.